यमूची जाणीव, भाऊचा त्याग : हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील नैतिक वाढ

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या सामाजिक कादंबऱ्यांतील नायक-नायिका नैतिकदृष्ट्या वाढतात का, आणि वाढत असतील तर कोणत्या वाटेने, हा प्रश्न मराठी कादंबरीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा पुढे येतो. त्याचे कारण उघड आहे. हरिभाऊंची पिढी इंग्रजी शाळांत शिकली आणि व्हिक्टोरियाच्या राज्यात व्हिक्टोरियन कादंबऱ्या वाचून लिहायला बसली. इंग्रजी कादंबरीत तेव्हा तरुण माणूस चुका करीत, ठेचकाळत, पश्चात्तापातून शहाणा होताना दिसत होता. तो साचा पुण्याच्या वाड्यात आणल्यावर त्याचे काय झाले, हे पाहिले की मराठी कादंबरीचा स्वतःचा नैतिक विचार नीट कळतो. ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९०–९३) आणि ‘मी’ (१८९३–९५) या दोन कादंबऱ्या या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहेत.

इंग्रजी साचा आधी स्पष्ट केला पाहिजे. चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात साप्ताहिकातून क्रमशः आली. तिचा नायक पिप हा बहिणीच्या घरी वाढलेला पोरका मुलगा. मेहुणा जो गार्जरी हा लोहार त्याचा खरा जिवलग. पुढे श्रीमंत घरची एस्टेला त्याच्या राठ हातांना हसते, आणि पिपला आपल्या घराची लाज वाटू लागते. अज्ञात दात्याच्या पैशावर तो लंडनमध्ये ‘सभ्य गृहस्थ’ बनतो आणि जोला टाळू लागतो. तो दाता म्हणजे लहानपणी आपण ज्याला भाकरतुकडा चोरून दिला तो पळालेला कैदी मॅग्विच, हे कळल्यावर त्याला प्रथम किळस येते. त्या किळसेपासून मॅग्विचच्या मरणशय्येशी त्याचा हात धरून बसण्यापर्यंतचा प्रवास हीच पिपची नैतिक वाढ. ही सगळी कथा प्रौढ पिप सांगतो. तरुण पिपने केलेली कृतघ्नता तो लपवीत नाही, स्वतःवर निकाल देतो. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१८४९–५०) याच जातीची. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) वाढ चुकीतून न होता नकारातून होते: रॉचेस्टरची पहिली पत्नी जिवंत आहे हे समजताच जेन प्रेम असूनही घर सोडते.

या सर्व कथांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे निवडीची मोकळीक. पिप जोला विसरू शकतो, म्हणूनच त्याला नंतर लाज वाटू शकते. जेनच्या हातात पैसा नसला तरी पायाखाली रस्ता आहे. पहाटे दार उघडून ती निघून जाते. चूक करण्याचे स्वातंत्र्य नसेल तर पश्चात्तापही नाही आणि पश्चात्तापातून येणारी वाढही नाही. मराठी कादंबरीकारापुढची अडचण नेमकी येथे होती. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला निवड कोणती? धंदा, जोडीदार, राहण्याचे ठिकाण, केसही, यांतले काहीच तिच्या हाती नव्हते. भारतीय भाषांतील आरंभीच्या कादंबरीची ही कोंडी मीनाक्षी मुखर्जी यांनी ‘रिअॅलिझम अँड रिअॅलिटी’ (१९८५) या ग्रंथात उलगडली आहे: व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणारा साहित्यप्रकार कुटुंब आणि जात यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या समाजात आला.

हरिभाऊंच्या आधी मराठीने या कोंडीला एक उत्तर देऊन पाहिले होते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा होऊन तेव्हा वर्ष झाले होते. पदमनजी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेले. त्यांची यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणच्या विधवांच्या हकीकती ऐकते, वाटेत स्वतः विधवा होते, शेवटी ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. आत्मा प्रवासातून तरतो ही कल्पना मराठीत नवी नव्हती. जॉन बन्यनच्या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ १८४१ सालीच आले होते. पण यमुनेची वाढ धर्मांतराच्या क्षणाशी येऊन थांबते. तिच्या मनातली घालमेल कमी दिसते, भेटलेल्या स्त्रियांची दुःखे जास्त. तरीही या छोट्या पुस्तकाचे मोल मोठे आहे: नायिकेची नैतिक जाण दुसऱ्या स्त्रीचे दुःख ऐकण्यातून वाढते, हा धागा त्याने मराठीला दिला. पुढे हरिभाऊंनी तोच उचलला.

‘यमुनापर्यटना’नंतरची तीस वर्षे मात्र वेगळ्या दिशेने गेली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ना. स. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत सज्जन पहिल्या पानापासून सज्जन आणि दुर्जन शेवटच्या पानापर्यंत दुर्जन असतात. संकटे येतात ती सद्गुणाची परीक्षा घ्यायला. त्यातून सद्गुण वाढत नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने (१८७१) इतिहासाची वाट उघडली. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची विभागणी याच तीन पुस्तकांवरून केली: यमुनापर्यटन, मुक्तामाला आणि मोचनगड. नैतिक वाढीचा प्रश्न प्रामुख्याने पहिल्या प्रवृत्तीचा आहे.

हरिभाऊंची सुरुवातही रहस्य आणि खळबळ यांतूनच झाली. ‘मधली स्थिती’ (१८८५) ‘पुणे वैभव’मधून क्रमशः आली. तिच्यावर जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्स या लोकप्रिय इंग्रजी कादंबरीकाराची दाट छाया आहे. रेनल्ड्सला इंग्लंडच्या प्रतिष्ठित साहित्यात फारशी जागा नव्हती, पण हिंदुस्थानातल्या इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांत तो अफाट वाचला जाई. व्यसन, भ्रष्टाचार, शहरी अधोगती यांची चित्रे हरिभाऊंनी त्याच्याकडून घेतली. मनाच्या सूक्ष्म हालचाली त्याच्याकडून शिकता येण्यासारख्या नव्हत्या. त्या त्यांनी भोवतीच्या घरांतून उचलल्या, आणि त्यांची नैतिक दृष्टी गोपाळ गणेश आगरकर यांच्या सान्निध्यात तयार झाली. विशेष म्हणजे आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर, ‘विकारविलसिता’वर, विद्यार्थिदशेतल्या हरिभाऊंनी दीर्घ आणि कठोर टीकालेख लिहिला होता. मिल आणि स्पेन्सर वाचणाऱ्या त्या पुण्यात गुरूचा आदर आणि गुरूची चिकित्सा एकत्र नांदू शकत होती.

१८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ येऊ लागली. आठवड्याला एक तुकडा, तोही घरात मोठ्याने वाचला जाण्याजोगा. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याची (१८८४–८८) चर्चा अजून विरली नव्हती. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरून पुण्यात रणे माजली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईत १८८९ साली सुरू होऊन पुढच्याच वर्षी पुण्यात आले होते. या गदारोळात हरिभाऊंनी वादाची भाषा बाजूला ठेवली आणि यमू या ब्राह्मण विधवेला स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडून सांगू दिली. पुरुष लेखकाने स्त्रीच्या प्रथमपुरुषी निवेदनात, तेही माजघरातल्या बोलीत, एवढी मोठी कादंबरी लिहिणे हे त्या काळी धाडसच होते.

यमूच्या आयुष्यात घडते ते थोडक्यात असे. कडक बापाच्या धाकात आणि मायाळू आईच्या छायेत ती वाढते. थोरला भाऊ गणपतराव तिचा सखा असतो. लग्नानंतर सासरच्या घरात शंकरमामंजी या कावेबाज माणसाची छाया तिच्यावर पडते. मात्र तिचा नवरा रघुनाथराव नव्या विचारांचा निघतो. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो आणि मुंबईला बिऱ्हाड करतो. तेथे समविचारी मित्रांच्या बायकांबरोबर तिला मोकळेपणाचे काही दिवस लाभतात. मग रघुनाथराव अकाली मरतो. यमूला पुन्हा त्याच घरात यावे लागते, फसवून तिचे केशवपन केले जाते आणि लवकरच तिचे आयुष्य संपते.

घटनांची ही यादी पाहिली तर वाढ कुठे आहे असा प्रश्न पडेल. यमूच्या हातून पिपसारखी कृतघ्नता घडत नाही, कारण तिला ती करायला जागाच नाही. जेनसारखी ती घर सोडून जात नाही. म्हणूनच काही वाचकांना ती केवळ सोसणारी वाटते. पण हा आक्षेप घटना मोजतो, निवेदन मोजत नाही. यमूची वाढ कादंबरीच्या आवाजात झाली आहे. लहानपणच्या प्रसंगांत भीती, आदर आणि माया यांचा गुंता असतो. वडिलांचा शब्द म्हणजे जगाचा नियम. हे प्रसंग लिहिणारी यमू मात्र मोठी झालेली, शिकलेली, विधवा झालेली आहे. तिला आता भीती वेगळी आणि आदर वेगळा दिसतो. आईच्या गप्प बसण्यात किती शहाणपण होते आणि किती हतबलता, हे तिला उलगडलेले असते. लहान यमूला जे फक्त दुखले होते त्याला प्रौढ यमू कारण देते. प्रौढ पिप तरुण पिपला तपासतो, यमू स्वतःबरोबर सगळ्या घराला तपासते. ही तपासणी करण्याची ताकद हीच तिची नैतिक वाढ, आणि ती साधी गोष्ट नाही. ज्या घरात बाईने प्रश्न विचारायचाच नाही, तेथे कोण दोषी आणि कोण असहाय, हे नीट वेगळे करून सांगणे हेच मोठे नैतिक कृत्य ठरते.

या वाढीचे टप्पेही दाखवता येतात. पहिला टप्पा सोसण्याचा. दुसरा दुसऱ्याचे दुःख ओळखण्याचा: मैत्रीण दुर्गी हिच्या नवऱ्याचा छळ पाहताना यमूला आपले नशीब आणि तिचे नशीब यांतला फरक कळतो, आणि हा फरक गुणावगुणांचा नसून निव्वळ योगायोगाचा आहे हेही उमगते. हा कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा धडा मानावा लागेल. आपल्याला चांगला नवरा मिळाला यात आपले कर्तृत्व काही नाही, हे ज्या बाईला कळले ती रूढीला ‘दैव’ म्हणून सोडून देऊ शकत नाही. तिसरा टप्पा मुंबईचा. वाचन, चर्चा आणि नवऱ्याशी बरोबरीने बोलणे यांतून तिला शब्द मिळतात. चौथा टप्पा वैधव्याचा. तेव्हा शब्द आहेत पण ऐकणारे कोणी नाही. रघुनाथरावाच्या शिकवण्यामुळेच तिचे पुढचे दुःख तिला अधिक तीव्रपणे जाणवते. शिक्षणाने सुख वाढवले नाही, जाण वाढवली, आणि हरिभाऊंनी ही किंमत लपवलेली नाही. सुधारकी साहित्यात शिक्षण म्हणजे सगळ्या रोगांवर औषध अशी मांडणी सर्रास असताना हा प्रामाणिकपणा उठून दिसतो.

शंकरमामंजी हे पात्र मात्र या सूक्ष्मतेला छेद देते. तो जुन्या नाटकी खलनायकाच्या घराण्यातला. रेनल्ड्सची आठवण त्याच्याकडे पाहून येते. यमूचा बाप जास्त खरा आहे, कारण तो दुष्ट नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे योग्यच वागतो, आणि त्यातूनच अन्याय होतो. हरिभाऊंच्या यथार्थवादाची खरी ताकद अशा माणसांत आहे.

पिपच्या गोष्टीत शेवटी पिप बदलतो. यमूच्या गोष्टीत यमू बदलते, घर बदलत नाही आणि त्या न बदलण्यातच तिचा अंत होतो. त्यामुळे वाढीचे अपुरे काम वाचकावर येऊन पडते. कादंबरीचे नावच प्रश्न आहे, आणि तो माजघरातून ‘करमणुकी’च्या वाचकाला विचारलेला आहे. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. एका कादंबरीने हे घडवले असे म्हणता येणार नाही; पण ज्या वाचकवर्गात हे काम रुजले त्याच वर्गासमोर यमूची हकीकत आठवड्यामागून आठवडा आली होती.

‘मी’ ही कादंबरी वाढीचा दुसरा नमुना दाखवते. येथे निवेदक पुरुष आहे, भाऊ. त्याला निवड आहे, शिकायला वाव आहे, पुढे जायला शहर आहे. म्हणजे पिपच्या जवळ जाण्याची सगळी सामग्री. हरिभाऊ मात्र त्याला वेगळ्या वाटेने नेतात. शिवरामपंत हे भाऊचे मार्गदर्शक त्याला विवेक, सेवा आणि स्त्रियांविषयी आदर शिकवतात. बहीण ताई हिच्या दुःखी संसारातून त्याला अन्यायाचा पहिला धडा मिळतो. तीच ताई पुढे घराबाहेरच्या कामाला वाहून घेते. सुंदरी या मुलीवर भाऊचे मन बसलेले असते. लग्न होऊ शकले असते. पण देशकार्याला संपूर्ण आयुष्य द्यायचे तर संसार नको, या निश्चयाने तो ‘भावानंद’ होतो.

इंग्रजी कादंबरीत नायकाची नैतिक वाढ सहसा समाजात योग्य जागा मिळवण्यात पूर्ण होते: लग्न, घर, उद्योग. कष्टाळू स्वावलंबनाचा गौरव करणारे सॅम्युअल स्माइल्सचे ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली आले, ते त्याच मनोवृत्तीचे. भाऊची वाढ मात्र घर सोडण्यात पूर्ण होते. संन्यासाची जुनी कल्पना हरिभाऊंनी घेतली आणि मोक्षाऐवजी तिचे तोंड लोकसेवेकडे वळवले. कादंबरी पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी, १९०५ साली, गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. आजन्म, अल्प वेतनावर, देशकार्याला वाहून घेणाऱ्यांची ती संस्था होती. भावानंदाची कल्पना तिच्याशी किती जुळते हे अभ्यासकांनी अनेकदा दाखवले आहे.

तरी ‘मी’मधली वाढ यमूच्या वाढीइतकी पटत नाही. भाऊ लवकर शहाणा होतो. शिवरामपंतांचे म्हणणे तो बहुतेक स्वीकारतो. गुरूशी झगडून, गुरूची चूक पकडून तो मोठा होत नाही. सुंदरीच्या बाजूने पाहिले तर त्याच्या त्यागाची किंमत तीही मोजते, आणि तिला विचारले गेलेले नाही. स्त्रियांच्या दुःखाने पेटलेल्या नायकाच्या हातून एका स्त्रीचे आयुष्य रिकामे राहावे, ही विसंगती कादंबरी पुरती ओळखत नाही. पिपच्या निर्मात्याने अशी विसंगती नायकाच्या कबुलीत आणली असती. भाऊची कबुली तेवढी खोल जात नाही.

‘यशवंतराव खरे’ (१८९२–९५) या कादंबरीत गरीब, मानी मुलाच्या शिक्षणाची आणि स्वभाव घडण्याची कथा आहे. ताठा आणि स्वाभिमान यांच्यातली सीमा हा तिचा खरा विषय. स्वभावदोषाकडे एवढे लक्ष देणारी ही हरिभाऊंची कादंबरी इंग्रजी घडण-कथेच्या सर्वांत जवळची म्हणता येईल. पुढे ‘आजच’, ‘मायेचा बाजार’ आणि ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापन, पुणे नगरपालिकेचे काम आणि साप्ताहिकाचा रगाडा यांत त्या पूर्ण झाल्या नाहीत. ऐतिहासिक कादंबऱ्यांत ‘उषःकाल’ (१८९५–९७) नैतिक दृष्टीने वाचण्याजोगी आहे: विजापूरकरांशी इमान राखणारा किल्लेदार बाप आणि शिवाजीकडे ओढला जाणारा मुलगा नानासाहेब यांच्यातला पेच हा निष्ठा कोणाशी ठेवायची याचाच पेच आहे.

हरिभाऊंच्या नैतिक जगाला मोठी मर्यादाही आहे. ते जग जवळजवळ पूर्ण पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मणांचे आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ सुरू झाली त्याच वर्षी जोतीराव फुले निवर्तले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी आणि सत्यशोधकांनी आधीच आवाज उठवला होता, आणि ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली छापली गेली होती. त्या लेखनातला थेट संताप यमूच्या आवाजात नाही. यमूचे दुःख तिला आपल्या जातीच्या चौकटीपलीकडे पाहायला शिकवत नाही. घरातल्या मोलकरणी, कुणबी, शेतकरी यांचे आयुष्य तिच्या नैतिक जाणिवेच्या कडेलाच राहते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०२ सालच्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुताकडून वास्तवाकडे जाणाऱ्या कादंबरीचा विचार मांडला. कुसुमावती देशपांडे यांच्या ‘मराठी कादंबरीचे पहिले शतक’ (१९५३) या ग्रंथाने हरिभाऊंना त्या शतकाच्या मध्यभागी ठेवून पाहिले. हरिभाऊंच्या स्नेही काशीबाई कानिटकर यांनी ‘हरिभाऊंची पत्रे’ १९२९ साली प्रसिद्ध केली. पुरुष सुधारक स्त्रीच्या आवाजात लिहीत असताना एक लिहिणारी स्त्री त्याची वाचक आणि मैत्रीण होती, हे विसरता कामा नये.

हरिभाऊंनंतर नैतिक वाढीचा विषय वामन मल्हार जोशी यांनी विचारांच्या पातळीवर नेला. ‘रागिणी’त (१९१५) पात्रे वाद घालतात. ‘सुशीलेचा देव’ (१९३०) मध्ये नायिकेची ईश्वराची कल्पना वयाबरोबर पायरीपायरीने बदलत जाते. मराठीत वाढीची इतकी उघड मांडणी दुसरी सापडणे कठीण. मात्र तेथे बुद्धी वाढताना दिसते, रक्तामांसाची सुशीला मागे पडते. त्याच साली आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘ब्राह्मणकन्ये’तल्या कालिंदीला मात्र चुकण्याची मुभा आहे. कुळातल्या कलंकामुळे ब्राह्मण समाजात लग्न होणे अवघड, म्हणून ती शिवशरणाप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नावाचून राहते, फसते, सावरते आणि नव्याने आयुष्य उभे करते. यमूला जी मोकळीक नव्हती ती कालिंदीपाशी आहे, आणि केतकर त्या चुकीला शिक्षा म्हणून मृत्यू देत नाहीत. चारच वर्षांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) लिहिली. तिची नायिका अचला नवऱ्यापासून दूर झाल्यावर दुसऱ्या पुरुषाबरोबरचे नाते आणि मूल या दोन्हींचा निर्णय स्वतः घेते, आणि त्या निर्णयाचे ओझेही स्वतःच उचलते. हरिभाऊंनी स्त्रीला आवाज दिला होता. अचलेच्या बाबतीत आवाजही स्त्री लेखिकेचा आहे आणि निवडही नायिकेची.